मराठीच्या पसंतीची फाइल

फोनची भाषा मराठी केली की बहुतेक फोनांवर घड्याळ १०:३० असं देवनागरी अंकांत दिसू लागतं. तारखेत ऑगस्टचा 'ऑग' होतो आणि मोठ्या रकमेत १,२५,००० असा लाखाच्या हिशेबाने स्वल्पविराम पडतो. भाषा हिंदी केली तर अक्षरं देवनागरीच राहतात, पण अंक इंग्रजी वळणाचे येतात. हा फरक फोन बनवणाऱ्याने मनाला येईल तसा केलेला नाही. 'सीएलडीआर' नावाचा एक सामायिक साठा आहे आणि त्यात जगातल्या शेकडो भाषांच्या सवयी नोंदवलेल्या आहेत. त्यातल्या मराठीच्या फाइलीत 'मूळ अंकपद्धती देवनागरी' असं लिहिलेलं आहे, हिंदीच्या फाइलीत तसं नाही. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज आणि क्रोम या सगळ्यांची माहिती त्याच साठ्यातून येते.

सॉफ्टवेअरच्या आवडीनिवडी कुठेतरी लिहून ठेवाव्या लागतात आणि त्या कशा लिहायच्या यावर संगणकाच्या जगात चाळीस वर्षं वाद चालला. एक पक्ष म्हणायचा, आपल्या प्रोग्रॅमला सोयीची अशी स्वतःची मांडणी करावी. दुसरा म्हणायचा, सगळ्यांना वाचता येईल अशी प्रमाण मांडणी वापरावी. इंग्रजीत काम करणाऱ्यांसाठी हा वाद बहुतांशी आवडीचा होता. मराठीला त्याची किंमत मोजावी लागली. छत्रपती संभाजीनगरातल्या गारखेड्यात, सूतगिरणी चौकाच्या आसपासच्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात पंधरा-वीस वर्षांपूर्वीची जुनी फाइल उघडायला दिली, तर ती किंमत आजही पडद्यावर दिसते: मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांचा चिवडा.

कानपूर ते पुणे

सुरुवात प्रमाण मांडणीने झाली होती, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. १९८३ च्या सुमारास आयआयटी कानपूरमध्ये देवनागरी टर्मिनलवर काम झालं. आर. एम. के. सिन्हा यांच्यासोबत त्यात मोहन तांबे होते. हे काम पुढे 'जिस्ट' या नावाने ओळखलं जाऊ लागलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि जिस्टचा गट तिथे आला. संगणकात बसवायचं जिस्ट कार्ड याच गटाचं. डॉसवर चालणाऱ्या साध्या पीसीत ते कार्ड घातलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही मराठी टंकता येई. जोडाक्षरं बनवणं, वेलांटी मागे नेऊन दाखवणं ही सगळी मेहनत कार्ड करायचं.

त्यामागे 'इस्की' ही संकेतपद्धती होती. तिची एक आवृत्ती १९८८ मध्ये आली, आणि पुढे सुधारलेली आवृत्ती भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण केली. आठ बिटांत २५६ जागा मिळतात. त्यातल्या खालच्या अर्ध्या जागा इंग्रजीला दिल्या आणि वरच्या अर्ध्या भारतीय लिप्यांना. सगळ्या भारतीय लिप्यांचा 'क' एकाच संकेतावर ठेवला, कारण उच्चार एकच. तो 'क' देवनागरीत दाखवायचा की बंगाली-तेलुगूत, हे सांगायला मजकुरातच एक खास खूण घालायची सोय केली. त्या खुणेनंतरचा आकडा लिपी सांगे. तशाच खुणेने ठळक आणि तिरपं अक्षरही सांगता येई. म्हणजे 'दिसायचं कसं' ही पसंती अक्षरांच्या शेजारी, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या पद्धतीने लिहिली जात होती. ज्याला मानक माहीत आहे, त्याला ती वाचता येत होती.

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये छापून आली. तिच्यातल्या देवनागरीची रचना १९८८ च्या इस्कीवर बेतलेली होती. युनिकोडने एक मोठा बदल केला: प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर दिलं, त्यामुळे लिपी सांगणाऱ्या खुणेची गरज उरली नाही. कानपूर-पुण्याचं काम अशा रीतीने जगाच्या मानकात शिरलं. पण त्यानंतरची पंधरा वर्षं मराठीचा बहुतेक मजकूर या दोन्ही मानकांना बाजूला ठेवूनच टंकला गेला.

फॉन्टचं नाव हीच ओळख

मानकं अशी बाजूला पडण्याचं कारण विंडोज. १९९२ ची विंडोज ३.१ आणि १९९५ ची विंडोज ९५ या दोघींना एका संकेतासाठी एक आकृती एवढंच समजत होतं. 'कि' लिहिताना उच्चारात क आधी येतो, पण वेलांटी डावीकडे काढावी लागते. 'स्त्र'मध्ये तीन व्यंजनं मिळून एक आकृती होते. ही फिरवाफिरव विंडोज करत नव्हती आणि जिस्ट कार्ड तर डॉसच्या काळातलं होतं. मग डीटीपीच्या बाजारात सरळ वाट निघाली. देवनागरीच्या तुकड्यांची यादी करायची: अर्धा क, काना, पहिली वेलांटी, रफार, वगैरे. हे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या संकेतांवर बसवायचे. विंडोजला वाटे, इंग्रजीच लिहिलं जातंय. डोळ्यांना मात्र मराठी दिसे.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी महाराष्ट्रभर पसरली. 'आकृती' नावाचं सॉफ्टवेअरही होतं. 'कृतिदेव' प्रामुख्याने हिंदीत, पण इथेही दिसे. प्रत्येकाची तुकड्यांची वाटणी वेगळी. इस्की घडवणाऱ्या सी-डॅकनेही विंडोजसाठी 'इस्फॉक' नावाची वेगळी फॉन्टमांडणी काढली आणि डीव्ही-टीटी-योगेश, डीव्ही-टीटी-सुरेख हे फॉन्ट त्याच मांडणीचे. ज्यांनी मानक लिहिलं, त्यांनाही विंडोजच्या दारात स्वतःची मांडणी घेऊन जावं लागलं. त्या काळाची कोंडी कळायला एवढी एक गोष्ट पुरे.

या उत्पादकांवर सरसकट टीका करणं सोपं आहे, पण अन्यायाचं होईल. वर्तमानपत्राला उद्या सकाळी अंक काढायचा होता, प्रेसला लग्नपत्रिका छापायच्या होत्या. त्यांना कागदावर सुबक अक्षर हवं होतं आणि ते या फॉन्टांनी दिलं. शिवाय मांडणी स्वतःची असली की गिऱ्हाईक बांधलेलं राही. सॉफ्टवेअरसोबत संगणकाच्या मागे लावायचं हार्डवेअर लॉक येई आणि ते काढलं की काम थांबे.

खरी गोम पसंतीच्या नोंदीत होती. मजकूर कोणत्या मांडणीत आहे, ही माहिती मजकुरात कुठेच लिहिलेली नसे. ती फक्त फॉन्टच्या नावातून कळायची. पानं रचायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरच्या फाइलीत फॉन्टचं नाव राही, म्हणून तिथवर सगळं ठीक चाले. पण तोच मजकूर साध्या टेक्स्ट फाइलीत उतरवला किंवा ई-मेलमध्ये चिकटवला की फॉन्टचं नाव गळून पडे आणि त्यासोबत मजकुराचा अर्थही. कळपाटाची, म्हणजे कीबोर्डची, मांडणी कोणती, टाइपरायटरची रेमिंग्टन, १९८६ ची सरकारी इनस्क्रिप्ट की उच्चाराप्रमाणे चालणारी, हेही प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या फाइलीत आपापल्या पद्धतीने ठेवी. एका दुकानातली बैठक दुसऱ्या दुकानात नेता येत नसे. प्रत्येक घरच्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांचा क्रम त्या घरच्या माणसालाच अंधारात सापडतो, तशातला हा प्रकार होता.

इंटरनेट आल्यावर हाच पेच सगळ्यांसमोर उघडा पडला. मराठी वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर 'आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या' अशी सूचना असे आणि दुसऱ्या पत्राचा फॉन्ट दुसरा. पानाच्या खुणांमध्ये फॉन्टचं नाव लिहिलेलं असल्याने वाचकाला मराठी दिसे. पण शोधयंत्राला फॉन्ट दिसत नाही, त्याला फक्त संकेत दिसतात. त्या काळातल्या बातम्यांत 'मराठवाडा' हा शब्द शोधायचा झाला, तर प्रत्येक पत्राच्या मांडणीत तो वेगळ्या इंग्रजी चिन्हांचा होता.

अमेरिकेतली एक घरगुती मांडणी

याच वर्षांत समुद्रापलीकडे एक वेगळा प्रयोग चालू होता. अविनाश चोपडे यांनी अमेरिकेत 'आयट्रान्स' तयार केलं. साध्या इंग्रजी अक्षरांत ठरावीक नियमांनी मराठी, हिंदी किंवा संस्कृत टंकायचं आणि प्रोग्रॅमने त्याची देवनागरी छपाई करून द्यायची, अशी त्याची रीत. फाइलीत मराठी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह देऊन लिहायचं. मराठीसाठी कोणता फॉन्ट आणि अक्षरांच्या मापाची कोणती फाइल वापरायची, हेही तशाच हॅशच्या ओळीत फाइलीच्या डोक्यावर नोंदवायचं. या खुणा चोपड्यांच्याच होत्या, कुठल्याही समितीने मंजूर केलेल्या नव्हत्या.

तरीही आयट्रान्समधला मजकूर टिकला आणि त्याच काळातला फॉन्टवाला मजकूर कुजला. आयट्रान्समध्ये कोणत्या खुणेचा अर्थ काय, हे खुद्द फाइलीत लिहिलेलं होतं आणि नियम सगळ्यांना खुले होते. छपाईचा प्रोग्रॅम नाहीसा झाला तरी माणूस ती फाइल वाचू शकत होता आणि दुसरा प्रोग्रॅम लिहू शकत होता. पुढे तोच मजकूर सहज युनिकोडमध्ये उतरवता आला. मांडणी स्वतःची असणं हा मुळात दोष नव्हता, हे आयट्रान्सवरून कळतं. मांडणी कुठेही लिहून न ठेवणं हा दोष होता.

चौकोनी कंस आणि टोकदार कंस

मराठीची ही ओढाताण चालू असताना, आवडीनिवडीच्या फाइली कशा लिहाव्यात यावर बाहेरही उलथापालथ चालली होती. विंडोज १९८५ मध्ये आली तेव्हापासून तिच्याकडे 'विन डॉट आयएनआय' ही फाइल होती. चौकोनी कंसात विभागाचं नाव, त्याखाली एका ओळीत एक नोंद: डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे किंमत. नोटपॅडमध्ये उघडून कुणीही बदलावी इतकी सोपी. ही मांडणी लोकांना इतकी आवडली की प्रत्येक प्रोग्रॅम आपली एक आयएनआय फाइल टाकू लागला. सोपेपणाच्या पोटात अडचणीही होत्या. एका फाइलीच्या आकाराला मर्यादा होती. एकाच संगणकावरच्या दोन माणसांच्या पसंती वेगळ्या ठेवता येत नव्हत्या. आणि नोंदी कोणत्या लिपीच्या संकेतांत लिहिल्या आहेत, हे सांगायची सोय नव्हती.

मायक्रोसॉफ्टने उत्तर म्हणून 'रजिस्ट्री' आणली. विंडोज ३.१ मध्ये ती छोट्या रूपात होती, विंडोज ९५ पासून सगळ्या पसंती तिच्यात जाऊ लागल्या. सगळ्या प्रोग्रॅमच्या पसंती आता एकाच कोठारात गेल्या, पण त्या कोठाराची मांडणी एका कंपनीची आणि माणसाला नुसत्या डोळ्यांनी न वाचता येणारी. नेटस्केपने स्वतःच्या ब्राउझरसाठी जावास्क्रिप्टच्या वळणाची पसंती-फाइल ठेवली. तीच वहिवाट पुढे फायरफॉक्समध्ये राहिली.

१० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल हे वेबचं मानक म्हणून जाहीर झालं आणि अनेकांना वाटलं, आता वाद मिटला. टोकदार कंसांतली नावं, प्रत्येक उघडलेल्या खुणेला बंद करणारी खूण, मजकुराला युनिकोड. ॲपलने २००१ मध्ये मॅक ओएस टेन आणताना आवडीनिवडींच्या फाइली एक्सएमएलमध्ये ठेवल्या. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या 'जीकॉन्फ' या पसंतीच्या साठ्यानेही एक्सएमएलच धरलं. २००२ मध्ये कीथ पॅकार्ड यांनी लिनक्सवर फॉन्ट निवडणारं 'फॉन्टकॉन्फिग' आणलं. त्याची पसंती-फाइलही एक्सएमएलची, आणि मजकुराची भाषा मराठी असेल तर अमुक फॉन्ट आधी वापरा, अशी नोंद तिच्यात करता येते.

लवकरच लक्षात आलं की एक्सएमएल फक्त व्याकरण देतं. खुणा कशा उघडायच्या आणि बंद करायच्या, एवढंच ते ठरवतं. कोणत्या खुणेचं नाव काय आणि तिचा अर्थ काय, हे प्रत्येकाने आपलं आपण ठरवायचं. म्हणून ग्नोमची एक्सएमएल फाइल ॲपलच्या कामाची नव्हती आणि ॲपलची ग्नोमच्या. वरून प्रमाण, आतून प्रत्येकाची वेगळी. शिवाय एक्सएमएल वाचायला यंत्राला वेळ लागे. ॲपलने २००५ मध्ये पसंतीच्या फाइली द्विमान, म्हणजे फक्त यंत्राला वाचता येणाऱ्या रूपात ठेवायला सुरुवात केली. २०११ मध्ये आलेल्या ग्नोम ३ नेही साठवणीसाठी तेच केलं. वाद उलट फिरून जुन्याच जागी आला, असं दिसत होतं. पण ग्नोमने एक गोष्ट सोडली नाही: कोणती पसंती आहे, तिचा प्रकार काय, मूळ किंमत काय, हे सांगणारा तक्ता एक्सएमएलमध्येच राहिला. माणसांनी वाचायचा तक्ता एका रूपात आणि यंत्राने वापरायचा साठा दुसऱ्या रूपात, अशी वाटणी झाली. मराठीचा प्रश्न सुटला तो अशाच वाटणीने.

विंडोज २००० आणि प्रश्नचिन्हं

१७ फेब्रुवारी २००० रोजी विंडोज २००० बाजारात आली. मराठी, हिंदी, कोकणी, संस्कृत आणि तमिळ या भाषा तिने पहिल्यांदाच अंगभूत स्वीकारल्या. त्यासोबत 'मंगल' हा फॉन्ट आला. तो ज्येष्ठ सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. वेलांटी मागे नेणं, जोडाक्षर बनवणं आता विंडोज स्वतः करू लागली. फॉन्टची युक्ती ज्या अडचणीतून जन्मली होती, ती अडचणच संपली.

पण जुन्या प्रोग्रॅमांना वापरता येईल असं आठ बिटांचं संकेतपृष्ठ, म्हणजे संकेतांचा तक्ता, मायक्रोसॉफ्टने भारतीय भाषांसाठी दिलंच नाही. या भाषा फक्त युनिकोडमध्ये चालणार, असं ठरवलं. निर्णय दूरदृष्टीचा होता, पण त्याचा तात्काळ परिणाम विचित्र झाला. जे जुने प्रोग्रॅम आयएनआय फाइली जुन्या पद्धतीने वाचत-लिहीत होते, त्यांना मराठी नाव दिलं की फाइलीत प्रश्नचिन्हांची ओळ उमटे. फोल्डरचं नाव मराठीत ठेवलं की प्रोग्रॅमला स्वतःचीच फाइल सापडत नसे. म्हणून अनेक कार्यालयांत पत्रं युनिकोड मराठीत आणि फोल्डरांची नावं इंग्रजीत, अशी सवय पडली. ती आजही बऱ्याच ठिकाणी दिसते.

लिनक्सवर वेगळं दुखणं होतं. तिथे प्रत्येक भाषेच्या सवयींची एक फाइल असते. वेळ, पैसा, क्रमवारी असे तिचे विभाग आणि मांडणी 'पॉझिक्स' या जुन्या मानकाची. मराठीसाठीही अशी फाइल होती. तिच्यात बराच काळ प्रत्येक मराठी अक्षर सांकेतिक क्रमांकाने लिहिलेलं असे. 'रविवार' या शब्दासाठी सहा क्रमांक: ०९३० म्हणजे र, ०९३५ म्हणजे व, आणि पुढे असेच चार. मानक पाळलेलं होतं, पण मराठी माणसाने ती फाइल उघडली तर त्यात एकही मराठी अक्षर दिसत नसे. चूक असली तरी डोळ्याला सापडणं कठीण. लोकांनी वाचायची फाइल लोकांना वाचता येत नसेल, तर नुसतं मानक पाळून भागत नाही.

एक तक्ता, अनेक वापरणारे

२००० नंतर एक वेगळाच खर्च समोर आला. मराठीत ऑगस्टचं लघुरूप काय, पैशाचं चिन्ह कुठे, लाखाचा स्वल्पविराम कसा, ही सगळी माहिती विंडोजकडे एक, जावाकडे दुसरी, लिनक्सकडे तिसरी आणि ओपनऑफिसकडे चौथी होती. आयबीएमच्या 'आयसीयू' या मुक्त सॉफ्टवेअरकडे पाचवी. आयसीयू आपली माहिती महिरपी कंसांच्या घरगुती मांडणीत ठेवी. प्रत्येकाची मांडणी वेगळी, म्हणून नोंदी एकमेकांशी ताडून बघणंही जिकिरीचं.

आयबीएम, सन मायक्रोसिस्टिम्स आणि ओपनऑफिस यांनी फ्री स्टँडर्ड्स ग्रुप या संस्थेच्या छत्राखाली ही माहिती एकाच एक्सएमएल मांडणीत आणायचं ठरवलं. मांडणीचं नाव 'एलडीएमएल' आणि साठ्याचं 'सीएलडीआर'. २००४ मध्ये हा उपक्रम युनिकोड कन्सॉर्शियमकडे आला. युनिकोडचे एक संस्थापक मार्क डेव्हिस या कामात पुढे होते.

एलडीएमएलने एक्सएमएलची उणीव भरून काढली. व्याकरण एक्सएमएलचं होतंच, आता खुणांची यादीही सगळ्यांनी मिळून ठरवली: महिन्यांसाठी एक खूण, वारांसाठी एक, अंकपद्धतीसाठी एक, क्रमवारीसाठी एक. दिवसाच्या प्रहरांनाही जागा दिली. इंग्रजीत सकाळ-संध्याकाळच्या दोन अक्षरांवर भागतं, मराठीला पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र लागतात. वारसाही ठरला: जे सांगितलं नसेल ते सगळ्या भाषांच्या मूळ फाइलीतून घ्यायचं. त्यामुळे मराठीच्या फाइलीत मराठीपुरतंच लिहावं लागतं.

क्रमवारीचं एक उदाहरण पुरेसं आहे. युनिकोडमध्ये ल नंतर लगेच ळ येतो, त्यापुढे व. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर, क्ष आणि ज्ञ यांच्या आधी. शब्दकोश किंवा मतदारयादी युनिकोडच्या क्रमाने लावली तर मराठी माणसाला चुकीची वाटेल. म्हणून भाषेचा क्रम संकेतांच्या क्रमापासून वेगळा लिहावा लागतो आणि त्यासाठी ठरलेली जागा लागते. ती जागा एलडीएमएलने दिली.

या नोंदी कोण भरतं? कंपन्यांची माणसं भरतात, स्वयंसेवकही भरतात. वेबवरच्या एका साधनात पर्याय सुचवले जातात, त्यांवर मतं पडतात, पुरेशी मतं मिळालेला पर्याय पुढच्या आवृत्तीत जातो. वर्षातून दोनदा नवी आवृत्ती येते. वापरणारे मात्र एक्सएमएल थेट वापरत नाहीत. त्या फाइलीतून आयसीयूची जुनी घरगुती मांडणी आपोआप तयार होते आणि तिच्यापासून यंत्राला झटपट वाचता येणारा साठा. वेबवाल्यांसाठी तीच माहिती जेसन या मांडणीतही मिळते. घरगुती मांडणी संपली नाही, ती आपल्या जागी गेली. लिहायचं, तपासायचं, भांडायचं ते सगळ्यांच्या फाइलीत. धावायचं ते ज्याच्या त्याच्या मांडणीत.

फॉन्टच्या जगातही अशीच समजूत झाली. मराठी आणि हिंदी वळणाचे ल आणि श वेगळे आहेत. पूर्वी त्यासाठी दोन फॉन्ट लागत. आता ओपनटाइप फॉन्टमध्ये मराठीसाठी ठरलेली एक खूण असते. मजकुरावर 'भाषा मराठी' अशी नोंद असली की त्याच फॉन्टमधून मराठी वळणाचा ल येतो. लोहित आणि नोटो या मुक्त फॉन्टांत ही सोय आहे. ज्या मॉड्युलर इन्फोटेकने श्री-लिपी काढली, तिचाच हात रेड हॅटसोबत लोहित फॉन्टांच्या घडणीत होता. जुन्या आणि नव्या काळातली माणसं वेगळी नव्हती, फक्त मांडणी बदलली होती.

मानकालाही कोपरे असतात. 'बॅट'सारख्या शब्दांतल्या उच्चाराचा स्वतंत्र स्वर 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आला. तोपर्यंत लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते. 'दऱ्या'तला ऱ्य दोन वेगळ्या रीतींनी लिहिता येतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. शोधताना मात्र एक सापडतो, दुसरा निसटतो. समितीने ठरवलेल्या मांडणीतही दुरुस्त्या लागतात. पण त्या दुरुस्त्या कुठे आणि कुणाकडे मागायच्या, हे ठरलेलं असतं. फॉन्टच्या काळात ते ठरलेलं नव्हतं.

नाव बदललं, खूण तीच

गारखेडा आता शहराच्या दक्षिण भागातली गजबजलेली वस्ती आहे.  फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी मिळाली, आणि पत्त्यांच्या, पावत्यांच्या, दाखल्यांच्या लाखो नोंदींत 'औरंगाबाद'च्या जागी 'छत्रपती संभाजीनगर' आलं. जिथे नाव हीच ओळख म्हणून साठवली होती, तिथे दोन्ही नावांनी शोधावं लागलं, एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या. पिनकोड मात्र ४३१ नेच सुरू होत राहिला. विमानतळाची सांकेतिक अक्षरंही तीच राहिली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिनकोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. देशात एकाच नावाची अनेक गावं आणि पत्ते अनेक भाषांत, म्हणून नावावर विसंबायचं नाही, हा त्यामागचा विचार. पन्नास वर्षांनी तो विचार नामांतरालाही पुरून उरला.

सीएलडीआरमध्ये हीच शिस्त आहे. कलकत्त्याचं नाव २००१ मध्ये कोलकाता झालं, भारतीय वेळ जागतिक नोंदीत याच शहराच्या नावाने ओळखली जाते आणि तिथलं नावही २००८ मध्ये बदललं, पण सीएलडीआरच्या आतली खूण अजून 'आशिया-कलकत्ता' अशीच आहे. लोकांना दिसायचं नाव वेगळ्या जागी लिहिलेलं असतं आणि ते भाषेप्रमाणे बदलतं. अनेकांना हे खटकतं. पण जुन्या फाइलींत, जुन्या फोनांत ती खूण कोट्यवधी ठिकाणी लिहिलेली आहे. ती बदलली तर आजवरच्या नोंदी अनाथ होतील. फॉन्टच्या काळात मराठीची नेमकी हीच गत झाली होती: दिसणं आणि ओळख एकाच गोष्टीत कोंबली, म्हणून दिसणं बदललं की ओळख गेली.

या चाळीस वर्षांचा हिशेब मांडला तर 'प्रमाण की स्वतःचं' हा प्रश्नच अर्धवट विचारला गेला होता, असं दिसतं. श्री-लिपीवाल्यांची गरज खरी होती, इस्कीवाल्यांची दृष्टीही खरी होती. यंत्राच्या पोटात काय मांडणी हवी ती असो. पण जी नोंद दुसऱ्या माणसाला, दुसऱ्या प्रोग्रॅमला किंवा पुढच्या पिढीला वाचायची आहे, ती सगळ्यांनी मान्य केलेल्या खुणांत लिहिलेली हवी, अक्षरांत वाचता येणारी हवी, आणि ती कोणत्या मांडणीत आहे हे तिच्यातच लिहिलेलं हवं. शाळेच्या दाखल्यांची प्रणाली असो की महापालिकेची करपावती, आज मराठीत नवं सॉफ्टवेअर करणाऱ्याने ही तीन कलमं आधी तपासावीत. त्यांतलं एखादं चुकलं तर बिल आज येत नाही. ते दहा-पंधरा वर्षांनी येतं आणि भरायला दुसराच कुणीतरी बसलेला असतो.